बँक नंबर एकची तक्रार

पूर्वीच्या गाड्या दुखलं की ओरडायच्या. अँबॅसिडरला काय झालंय ते शेजारच्या आळीतल्या आजोबांनाही ऐकू यायचं आणि ते निदानासकट आपल्या दारात हजर व्हायचे. आताची गाडी मुकाट्याने एक पिवळा दिवा लावते आणि नंबरात बोलते. बीएस-फोर गाड्यांना एप्रिल २०१३ पासून आपल्याकडे ओबीडी-टू नावाची ही व्यवस्था सक्तीची झाली. स्टिअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं. त्यात स्कॅनर खुपसला की गाडी आपलं गाऱ्हाणं सांगते.

दिवा नुसता लागून राहिला तर एकवेळ सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकायला लागला तर मात्र गाडी बाजूला घ्यावी. इंजिन मिसफायर होत असतं, न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो जळतो. त्याची किंमत ऐकून मग मालक जळतो.

आमचा दिवा स्थिर होता. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून खणखणीत आवाजात वाचलं, "पी०१७१. सिस्टिम टू लीन, बँक वन!"

वीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने यावर दचकू नये तर काय करावं? आमच्या शाखेची तोळामासा प्रकृती गाडीला कळली कशी? मग खुलासा झाला की बँक म्हणजे सिलिंडरांची रांग. व्ही आकाराच्या इंजिनाला अशा दोन असतात, आमच्या सरळ चार सिलिंडरवालीला एकच. आणि लीन म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. "लीन म्हणजे बारीकच ना?" सौ. म्हणाली, "चला, घरात कोणीतरी झालं."

"ऑक्सिजन सेन्सर गेला," गॅरेजवाल्याने निकाल दिला. "साडेसहा हजार."

आता गंमत बघा. हा सेन्सर बिचारा धुराच्या नळीत बसून धूर हुंगतो आणि ऑक्सिजन जास्त उरलाय एवढं कळवतो. कधी तो स्वतः बिघडतोही, नाही असं नाही. पण तपासणी न करता त्यालाच काढायचं, म्हणजे कॅश जुळत नाही असं सांगणाऱ्या क्लार्कची आडगावी बदली करायची! (आमच्याकडे ही पद्धत आहे, पण गाडीला ती कशी लागू करणार?)

मी गाडी दुसऱ्या, वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी आधी कोड कागदावर उतरवला. कोड पडला त्या क्षणी इंजिन किती फिरत होतं, किती तापलं होतं, याचीही नोंद गाडी ठेवते, तीही उतरवली. कोड पुसला की ती नोंदही जाते. मग स्कॅनरवर फ्यूएल ट्रिम बघितली. कॉम्प्युटर हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त सोडतोय, तो आकडा. गाडी नुसती उभी असताना अधिक चोवीस. अडीच हजारांवर रेस दिली, अधिक सहा.

"पंप कमजोर असता तर रेस दिल्यावर आकडा चढला असता, साहेब. हा उतरला. हवा चोरून येतेय."

हे मला तत्काळ पटलं. माझ्या गाडीत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरपाशी, म्हणजे दारात बसतो. पुढे कुठे भोक असेल तर हवा टोकन न घेता मागच्या दाराने आत. गर्दी कमी असताना असे दोन-चार घुसखोर हिशेब बिघडवतात, गर्दीत ते खपून जातात.

मिस्त्रींनी इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत यंत्राने धूर सोडला. एका रबरी नळीच्या वाकणातून बारीक रेघ वर आली. नखाएवढी चीर! नळी दोनशे चाळीस, मजुरी तीनशे. सेन्सर जिथल्या तिथे, बदली रद्द.

कोड पुसून चक्कर मारून आल्यावर ट्रिम अधिक दोन दिसली.

"शून्य का नाही?" मी विचारलं.

"दोन चालतात, साहेब."

वीस वर्षांत हे वाक्य मला कोणी ऐकवलं नव्हतं.