कल्ला कुठं बघायचा?

काय खाल, असं विचारलं की माणूस एक सांगतो आणि ताट पुढ्यात आलं की वेगळंच वागतो. अन्नाच्या संवेदी परीक्षणात काम करणाऱ्या आम्हा मंडळींचा सगळा व्यवसाय या फरकावर उभा आहे. बिस्किटाचा कुरकुरीतपणा, लोणच्याचा खार, पनीरचा मऊपणा हे आम्ही माणसांच्या जिभेवर, दातांवर आणि नाकावर तपासून घेतो. अलीकडे मात्र परिषद असो की लग्नाची पंगत, मला एकच प्रश्न सारखा विचारला जातो : प्रयोगशाळेत वाढवलेलं मांस लोक खातील का?

माझ्या मते खातील. पण कुठल्या अटीवर, हे सांगितल्याशिवाय त्या उत्तराला काही किंमत नाही. आणि ती अट चवीची आहे असं मला वाटत नाही.

नेदरलँड्समधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. १९३ जणांना हॅम्बर्गरचे दोन-दोन तुकडे खायला दिले. एक नेहमीच्या मांसाचा, दुसरा पेशींपासून वाढवलेल्या मांसाचा, असं सांगून. खरं तर दोन्ही तुकडे एकाच नेहमीच्या गोमांसाचे होते. तरीही ‘वाढवलेल्या’ मांसाचा म्हणून दिलेला तुकडा सगळ्यांनी खाल्ला. नाक मुरडून ताटली सरकवणारा एकही निघाला नाही. उलट तोच तुकडा चवीला सरस ठरला, आणि निम्म्याहून जास्त लोकांनी त्यासाठी जादा पैसे मोजायची तयारी दाखवली. सरासरी ३७ टक्के जादा.

‘लोकांना किळस येईल’ हे ठाम विधान या प्रयोगानंतर मी तरी करत नाही. पण त्या खोलीत विद्यापीठ होतं, संशोधक होते, आधी नीट समजावून दिलेली माहिती होती. तुकडा तोंडात घालण्याआधीच लोकांनी त्या खोलीवर विश्वास टाकला होता. हाच तुकडा प्लास्टिकच्या पाकिटात, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या फ्रीजरमध्ये ठेवला तर काय होईल, याचं उत्तर तिथं मिळत नाही.

हे मांस बनतं कसं, ते थोडक्यात. जिवंत जनावराच्या शरीरातून पेशींचा छोटा नमुना घेतात. त्या पेशी शरीराच्या तापमानाइतक्या उबेत, पोलादी टाकीत वाढवतात. खाद्य म्हणून अमिनो आम्लं, साखर, क्षार, जीवनसत्त्वं आणि वाढीला चालना देणारी प्रथिनं. पुरेशा पेशी झाल्या की खाद्य बदलून त्यांना स्नायूचं रूप घ्यायला लावतात, आणि आकार हवा असेल तर आधाराला सांगाडा देतात. टाकीला रोगप्रतिकारशक्ती नसते. एखादा जिवाणू आत शिरला की सगळा घाणा वाया जातो, म्हणून औषधाच्या कारखान्यासारखी स्वच्छता लागते आणि खर्चही त्याच मापाचा होतो.

५ ऑगस्ट २०१३ रोजी मार्क पोस्ट या डच शास्त्रज्ञानं लंडनमध्ये पत्रकारांसमोर असा पहिला बर्गर तळून घेतला. त्याचा खर्च अडीच लाख युरो, आणि पैसे गूगलच्या सर्गेई ब्रिन यांचे. सुमारे वीस हजार बारीक तंतू एकत्र करून ती टिक्की झाली होती. रंग फिका पडला म्हणून बिटाचा रस आणि केशर घातलं होतं. चरबीचा कणही नव्हता. चाखणाऱ्यांनी सांगितलं की पोत मांसाच्या जवळचा आहे, पण रसाळपणा कमी आहे. माझ्या दृष्टीनं तो शेरा फार मोलाचा, कारण आमच्या चाचण्यांमध्ये पुढं जे दिसत गेलं ते याच दिशेचं.

आमच्या परीक्षण-खोलीत लहान-लहान कप्पे असतात, पांढऱ्या वाट्या, त्यांवर तीन आकडी संकेतांक, तोंड धुवायला कोमट पाणी. दिवा लाल लावतो, म्हणजे रंगावरून कुणाला काही ओळखता येत नाही. टाकीतलं मांस विकायला आपल्याकडे अजून परवानगी नाही, त्यामुळं त्याच्या चाचण्या मी केलेल्या नाहीत. सोयाचा खिमा आणि मटणाचा खिमा मात्र शेजारी शेजारी ठेवले आहेत, एकाच मसाल्यात. पहिल्या घासाला बहुतेकांना फरक कळत नाही. कांदा-खोबऱ्याचं वाटण, लवंग, दालचिनी, काळा मसाला एवढं असताना मांसाचा स्वतःचा स्वाद किती उरतो? पण चौथ्या-पाचव्या चावण्याला माणूस थबकतो. मांसाचा धागा दाताला विरोध करत राहतो आणि प्रत्येक दाबाला थोडा रस सोडतो. सोयाचा कण एकदा फुटला की भुगा होतो. लाल दिव्याखाली जबड्याची गती बदललेली दिसते, कागदावर खूण नंतर होते. टाकीतल्या मांसात स्नायूच्या खऱ्या पेशी असतात, त्यामुळं खिम्यापुरती ही परीक्षा ते सोयापेक्षा चांगली देईल असं मला वाटतं.

रश्श्याचं काय, हा प्रश्न अवघड आहे. कोल्हापूरकडं मटण शिजवताना आधी जे अळणी पाणी काढतात, त्यावर पांढरा रस्सा उभा राहतो. लहान मुलाला, आजारी माणसाला वाटीभर अळणी आधी दिलं जातं. ते पाणी घट्टसर आणि ओठाला किंचित चिकट लागतं, कारण हाडांतलं, कुर्च्यांतलं कोलॅजन विरघळून त्यात उतरलेलं असतं. बोकडाच्या मटणाचा खास वास येतो तो चरबीतल्या विशिष्ट आम्लांमुळं. ज्या मांसाला हाड नाही, कुर्चा नाही, चरबी वरून घालावी लागते, ते तासभर उकळलं तरी अळणी देणार नाही. नळी चोखण्याची तर गोष्टच सोडा. रविवारच्या मटणाची जागा हे मांस घेईल असं जे सांगतात, त्यांनी एकदा आपल्या स्वयंपाकघरात उभं राहून बघावं.

तरीही मला सगळ्यात मोठी अडचण बाजारात दिसते. मुंबईतल्या माझ्या नेहमीच्या कोळीण मावशींना मी एकदा हा सगळा प्रकार सांगितला. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं जानेवारी २०२४ मध्ये एका खासगी कंपनीबरोबर माशाचं मांस पेशींपासून वाढवायचा प्रकल्प जाहीर केला होता, आणि त्यात सुरमई-पापलेटची नावं होती, म्हणून विषय निघाला. मावशींनी हातातल्या सुरमईचा कल्ला बोटानं वर केला, आतला लाल रंग मला दाखवला, अंगठ्यानं पाठ दाबली, खड्डा लगेच भरून आला. मग म्हणाल्या, “ताई, तुमच्या त्या माशाचा कल्ला कुठं बघायचा?”

पापलेट घेताना कल्ल्याजवळ दाबून पांढरं पाणी येतंय का ते आपण बघतो. कोंबडी जिवंत तोलून समोर कापून घेतो. मटणाच्या दुकानात लटकवलेला बोकडच आहे ना, याची खूण गिऱ्हाईक शोधतं आणि दुकानदार ती राखून ठेवतो. मांसाच्या बाबतीत आपला विश्वास डोळ्यांवर, अंगठ्यावर आणि नाकावर आहे. छापील तारखेवर तो फारसा नाही. टाकीतलं मांस या सगळ्या खुणा एका झटक्यात काढून घेतं आणि बदल्यात पाकीट देतं. ‘खाल का?’ या प्रश्नाला लोक जे अडखळतात, त्यामागं मला किळसेपेक्षा हे जास्त दिसतं : पारखायचं कशावरून, हेच त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

शिवाय आपल्याकडं हो किंवा नाही हे एका माणसाचं एक उत्तर नसतंच. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयोगटातले ८३ टक्के पुरुष आणि ७१ टक्के स्त्रिया कधी ना कधी मासे, चिकन किंवा मटण खातात. आणि प्यू या संस्थेच्या २०२१ च्या अहवालात ३९ टक्के भारतीय स्वतःला शाकाहारी म्हणवतात, तर मांसावर कुठलं तरी बंधन पाळणारे ८१ टक्के आहेत. हे आकडे शेजारी ठेवले की आपलं घर डोळ्यांपुढं येतं. सोमवारी नाही, गुरुवारी नाही, श्रावणात नाही. मासे चालतात, मटण नाही. बाहेर चालतं, घरात नाही. घरात शिजलं तरी वशटाची भांडी वेगळी. पाश्चात्त्य प्रश्नावलीत ‘नक्की खाईन’पासून ‘मुळीच नाही’पर्यंतचे चौकोन असतात, त्यात यातलं काहीच मावत नाही.

शाकाहारी मैत्रिणी मला हळूच विचारतात, “यात जीव जात नाही, मग आम्हाला चालेल का?” मी त्यांना सांगते की हे मांसच आहे, प्राण्याच्या पेशींचं, आणि पाकिटावर मांसाहाराचा तपकिरी त्रिकोणच हवा. त्यांचा धर्म त्यांनी ठरवावा, माझं काम त्यांना खरं सांगण्याचं. खरं सांगायचं तर सीरमचंही सांगावं लागतं. पेशी वाढवायला सुरुवातीच्या काळात वासराच्या गर्भाचं सीरम वापरलं जायचं, म्हणजे गाभण गाय कापल्यावर तिच्या पोटातल्या गर्भाच्या रक्तातून काढलेलं. सिंगापूरनं डिसेंबर २०२० मध्ये जगात पहिल्यांदा ज्या चिकनला विक्रीची परवानगी दिली, त्यातही सुरुवातीला सीरमचा वापर होता. सीरमविरहित पद्धतीला तिथं २०२३ मध्ये मान्यता मिळाली. ‘जीव न जाता मिळालेलं मांस’ असं म्हणणाऱ्या कंपनीला ग्राहकानं पहिला प्रश्न हाच विचारावा.

त्याच सिंगापूरमध्ये मे २०२४ पासून मटणाच्या एका दुकानात अशा चिकनचं पाकीट मिळू लागलं. त्यात वाढवलेलं चिकन तीन टक्के, बाकी बहुतेक वनस्पतींची प्रथिनं. तीन टक्के हा आकडा त्यांनी उघड सांगितला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. लोकांना फसवून खाऊ घातलेली गोष्ट फार काळ टिकत नाही.

उलट दिशेची घाईही तितकीच चुकीची. इटलीनं नोव्हेंबर २०२३ मध्ये या मांसावर बंदी घातली, अमेरिकेनं जून २०२३ मध्ये परवानगी दिल्यावर वर्षाच्या आत फ्लोरिडानं आपल्या राज्यात ती गोष्ट विकायलाच मनाई केली. पशुपालकांची काळजी हे त्याचं कारण सांगितलं गेलं. ती काळजी मला खोटी वाटत नाही. माण-खटावच्या दुष्काळी माळावर जिच्या दारात चार शेळ्या आहेत, त्या बाईची बचत त्या शेळ्यांत असते. मुलाची फी, दवाखाना, बियाणं, सगळ्याला एखादं करडू विकलं जातं. त्या शेळीशी टाकीची स्पर्धा लावायची गरज नाही आणि अळणीच्या परीक्षेत टाकी हरेलही.

ब्रॉयलरचं तसं नाही. सहा आठवड्यांच्या आत दोन किलोचा होणारा, गर्दीच्या शेडमध्ये वाढणारा, अनेकदा औषधांच्या आधारानं तगणारा तो पक्षी, आणि त्याचं हाड काढलेलं, बारीक केलेलं मांस, जे आज नगेट, सॉसेज, रोल आणि मोमोंच्या सारणात जातं. तिथं ग्राहक आजही काही पारखत नाही. तिथं ना कल्ला बघितला जातो, ना नळी मागितली जाते. टाकीतल्या मांसाला आपल्याकडं जागा असेल तर ती आधी तिथं आहे, असं माझं ठाम मत आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेनं या विषयाच्या संशोधन केंद्राची घोषणा २०१९ मध्येच केली होती. हैदराबादच्या सरकारी संस्थांनाही त्याच सुमारास केंद्र सरकारचा निधी मिळाला. म्हणजे शास्त्र जाणणारी माणसं आपल्याकडं आहेत. त्यांच्या शेजारी स्वयंपाक जाणणारी आणि बाजार जाणणारी माणसं बसवायला हवीत, आणि तीही पदार्थ तयार झाल्यावर शेरा द्यायला नव्हे, टाकीत काय वाढवायचं ते ठरवताना. कारखान्याला काचेची भिंत असावी, शाळेची सहल तिथं जावी, प्रत्येक घाण्याचा जिवाणू-अहवाल दुकानात मागितल्यावर दाखवला जावा. कल्ल्याच्या जागी असलं काहीतरी बघण्याजोगं दिल्याशिवाय विश्वास मागू नये.

परवानगी येईल तेव्हा पहिली चाचणी काय घ्यायची, याचा आराखडा मी करून ठेवला आहे. चिकनचा खिमा, दोन वाट्या, एकच मसाला, आणि लाल दिवा बंद. कुठल्या वाटीत काय आहे ते आधीच सांगायचं, कच्चं मांस हातात द्यायचं, दाबू द्यायचं, हुंगू द्यायचं, ज्याला हवं त्याला स्वतः परतू द्यायचं. परीक्षकांत कोळणी असतील, खाटीक असतील, खानावळ चालवणाऱ्या बायका असतील. ‘आवडलं का’ ही ओळ कागदावर शेवटी येईल. तिच्या आधी तीन प्रश्न असतील : हे घरी न्याल का, कुठल्या वारी शिजवाल, आणि घरातल्या कुणाकुणाला वाढाल?