अस्तंब्याच्या मुलखात

धनत्रयोदशीच्या सुमारास सातपुड्यात अस्तंब्याची यात्रा भरते. त्या दिवसांत तळोद्याहून डोंगराकडे निघालेल्या माणसाला सोबत शोधावी लागत नाही. भळभळती जखम घेऊन अश्वत्थामा या शिखरावर तेल मागत हिंडतो, अशी इथल्यांची श्रद्धा. याच अश्वत्थाम्याने उत्तरेच्या गर्भावर अस्त्र सोडले होते. चांदसैली घाट चढून धडगावला पोचलो आणि पोटातल्या जिवावरचे आणखी एक संकट ऐकले.

इथल्या भिल्ल-पावरा वस्तीत सिकलसेल हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिकने तो १९१० साली प्रथम नोंदवला. भारतात तो निलगिरीच्या आदिवासींत १९५२ मध्ये आढळला. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर मरतात.

"मग गरोदरपणी रक्त चढवले की झाले!" मी म्हणालो.

"जीव वाचतो, सर, हे खरेच," सिस्टरबाई म्हणाल्या. "पण कधीकधी खरी परीक्षा पुढेच असते."

रक्तगट जुळला म्हणजे सारे जुळले, असा आपला शहरी समज. पेशींवर केल, डफी अशा कितीतरी आणखी खुणा असतात. वरचेवर रक्त घेतलेल्या बाईच्या शरीरात परक्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. काही महिन्यांनी ती इतकी विरळ होतात की तपासणीत दिसतही नाहीत. पुन्हा तसलेच रक्त मिळाले की मात्र उसळून उठतात. आठ-दहा दिवसांनी, बाई घरी पोचल्यावर, ताप, कावीळ, काळपट लघवी सुरू होते. रक्त चढवण्यापूर्वी होते त्याहूनही कमी होऊन बसते! ही सिकलसेलची नेहमीचीच कळ समजून आणखी रक्त दिले, तर कधी दुखणे बळावते. काही प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंतही जातात.

यावर पहिला उपाय अगदी साधा. कुठल्या साली, कुठे रक्त घेतले, काय त्रास झाला, कोणती प्रतिपिंडे सापडली, हे कागदावर हवे. त्यावरून रक्तपेढी अधिक खुणा जुळवून रक्त देऊ शकते. पण इथली बाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी, दुसऱ्या वेळी ऊसतोडीला गुजरातेत. कागद पावसात भिजतो, नाहीतर उंदीर कुरतडतात.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. २०४७ हे तिचे उद्दिष्टाचे साल. तपासणीची कार्डे वाटली जातात. सिस्टरबाईंचा आग्रह एवढाच, की घेतलेल्या रक्ताचा इतिहासही बाईच्या सोबत राहावा.

उसाच्या हंगामाला निघालेल्या एका गरोदर मुलीला त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद दिला आणि बजावले, "अंगावरची चांदी एक वेळ घरी राहू दे, बाई, हा विसरू नकोस."

मुलीने तो कमरेला खोचला, पुन्हा एकदा चाचपून पाहिला, आणि गाडीत चढली.