आवाज घरात मावेल एवढा

बंगळूरच्या आग्नेयेला, होसूर रस्ता आणि सर्जापूर रस्ता यांच्या बेचक्यात एक वसाहत आहे. या दोन रस्त्यांच्या आद्याक्षरांवरूनच तिला एचएसआर लेआउट हे नाव मिळाले. बंगळूर विकास प्राधिकरणाने सात सेक्टर आखून ती वसवली. एका टोकाला सिल्क बोर्डचा चौक आणि त्याची सर्वतोमुखी झालेली वाहनकोंडी, तर दुसऱ्या बाजूला आगरा तलाव. पहाटे तलावाकाठी फिरायला येणाऱ्यांत कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी आणि बंगालीबरोबर मराठीही कानावर पडते. संगणक कंपन्यांतील नोकऱ्यांमुळे पुणे, नागपूर, सोलापूर, बेळगाव इथली कितीतरी कुटुंबे या वसाहतीत स्थिरावली आहेत. पाठोपाठ त्यांचे आईवडीलही येतात.

असेच एक कुटुंब दुसऱ्या सेक्टरमधल्या एका घराच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करतात. आबा बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे बेळगावचे. पत्नीच्या निधनानंतर ते मुलाकडे आले, तेव्हा घरातले जवळजवळ सगळे सामान मागे राहिले. कॅसेटचे कपाट आणि जुना डेकही राहिला.

बेळगाव, धारवाड, हुबळी हा सारा गाण्याचा मुलूख. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीचा. भीमसेन जोशी गदगचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, गंगूबाई हनगल हुबळीच्या. आबांच्या पिढीने हे गाणे मैफलींत ऐकले आणि मग कॅसेटवर जपले. इथे आल्यावर मुलाने त्यांना मोबाईलवर गाणी कशी लावायची ते शिकवले आणि ओंजळीत मावेल असा एक ब्लूटूथ स्पीकरही आणून दिला.

अडचण तिथेच सुरू झाली. छोट्या स्पीकरवर शब्द नीट कळत नाहीत म्हणून आबा आवाज वाढवत. आवाज वाढला की तो चिरका होई. एका रात्री खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन, अगदी नम्रपणे, बाळाची झोप मोडत असल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून आबांनी गाणे लावणेच बंद केले. कुणी विचारले तर म्हणत, “आता कसली आवड!” महिन्याभराने त्यांनी बेळगावला परत जाण्याची गोष्ट काढली, तेव्हा सुनेला काळजी वाटली. तिनेच नवऱ्याजवळ विषय काढला, “अहो, आबांना ऐकू येईल आणि खालच्यांना येणार नाही, असे काही मिळत नाही का?”

मिळते, आणि त्यासाठी लाखभर रुपये लागत नाहीत. मात्र आधी घर आणि मग दुकान, हा क्रम पाळावा लागतो.

खोली आधी

या वसाहतीत तीस फूट बाय चाळीस फुटांचे अनेक भूखंड आहेत. त्यावर मजले चढलेले, शेजारच्या भिंती हाताच्या अंतरावर आणि आत गुळगुळीत फरशी, मोठ्या काचा, पांढऱ्या भिंती. अशा खोलीत उभे राहून एकदा टाळी वाजवून पाहावी. टाळीमागून झणझण असा आवाज रेंगाळला, तर कितीही महाग स्पीकर आणला तरी गाण्यातले शब्द एकमेकांत मिसळणार. जाड पडदा, सतरंजी आणि भिंतीला लागून पुस्तकांचे कपाट एवढ्याने निम्मे काम होते. आबांच्या खोलीत सुनेने हेच आधी केले. सतरंजी घरातच गुंडाळून ठेवलेली होती.

दुसरी गोष्ट अंतराची. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. बंद खोलीत घट थोडी कमी असते, पण नियम तोच. म्हणून स्पीकर खोलीच्या पलीकडल्या टोकाला ठेवून मोठ्याने वाजवण्यापेक्षा खुर्चीपासून पाच-सहा फुटांवर ठेवून हळू वाजवणे शहाणपणाचे. ऐकणाऱ्याला स्वच्छ ऐकू येते आणि भिंतीपलीकडे कमी जाते.

वॅटचे गणित

अॅम्प्लिफायर घेताना ग्राहक सर्वांत जास्त फसतो तो वॅटच्या आकड्याला. नव्वदच्या दशकात टू-इन-वनच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ असे लिहून हजार हजार वॅट छापलेले असत. क्षणभराच्या कमाल शक्तीचा तो फुगवलेला आकडा असे, खरी सलग शक्ती त्याच्या अंशाएवढीही नसे. आजही तोच खेळ वेगळ्या रीतीने चालतो. तळहाताएवढ्या अॅम्प्लिफायरवर ‘१००+१०० वॅट’ असे असते. अशा वेळी त्याच्यासोबत मिळणारा अॅडॅप्टर उलटा करून वाचावा. त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करावा. २४ व्होल्ट आणि ३ अँपिअर असतील तर मिळणार एकूण ७२ वॅट. मग दोन्ही बाजूंना मिळून २०० वॅट सलग कुठून येतील?

खरे तर घराला एवढी शक्ती लागतही नाही. स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ म्हणून एक आकडा असतो. समजा तो ८६ डेसिबल आहे. याचा अर्थ, एक वॅट दिला की तो स्पीकर एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज देतो. दोन मीटरवर बसले तर सुमारे ८० उरतात आणि दोन स्पीकर मिळून ८३ च्या घरात जातात. शेजारी बसून गप्पा माराव्यात त्याहून हा आवाज बराच मोठा आहे, आणि तो एका वॅटमध्ये मिळतो. शक्ती दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात. तेव्हा प्रत्येक बाजूला खरे २० ते ३० वॅट असले की तबल्याची थाप, तानेचा चढ यांनाही आवाज फाटत नाही.

‘ओहम’चा आकडाही पाहावा. बहुतेक स्पीकर ४, ६ किंवा ८ ओहमचे असतात. ४ ओहमचा स्पीकर जास्त प्रवाह ओढतो, म्हणून अॅम्प्लिफायर तेवढा भार पेलतो का, हे त्याच्या मागच्या बाजूला वाचून घ्यावे.

या कुटुंबाने वीस-बावीस हजारांची मर्यादा ठरवली होती. अशा वेळी निम्म्याहून अधिक रक्कम स्पीकरवर घालावी. गाण्याचा पोत मुख्यतः स्पीकर ठरवतो. आजचे छोटे ‘क्लास डी’ पद्धतीचे अॅम्प्लिफायर कमी वीज खातात, फारसे तापत नाहीत आणि माफक किमतीत पुरेसे चांगले असतात. ब्लूटूथ आणि टीव्हीची जोडणी असली की झाले. तबकड्यांचा प्लेअर लावायचा असेल तर मात्र ‘फोनो’ जोडणी आहे ना, हे विचारावे.

चिकपेटेची फेरी

बंगळूरमध्ये इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा जुना बाजार म्हणजे सादर पत्रप्पा रस्ता, सगळ्यांच्या तोंडी ‘एसपी रोड’. एचएसआरहून तिथे जाणे पूर्वी अर्ध्या दिवसाचे काम होते. ऑगस्ट २०२५ मध्ये मेट्रोची पिवळी मार्गिका सुरू झाली. आता सिल्क बोर्ड स्थानकात बसावे, आर. व्ही. रोडला हिरव्या मार्गिकेत बदलावे आणि चिकपेटेला उतरावे. अरुंद गल्ल्या, तारांची भेंडोळी, हातगाड्या आणि दुकानाच्या फळीवर मांडलेले पंखे, बल्ब, ट्रान्सफॉर्मर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडची आठवण यावी असा सगळा थाट.

आबा “तुम्हीच जा” म्हणत होते. सुनेने त्यांना आग्रहाने नेले. पहिल्या दुकानात मुलगा इंग्रजीत बोलला, विक्रेत्याने हिंदीत उत्तर दिले आणि भाव काही हलेना. मग आबांनी बेळगावच्या कन्नडमध्ये एक वाक्य टाकले. गल्ल्यावरच्या मालकांनी मान वर केली. उत्तर कर्नाटकाच्या त्या बोलीवर ते हसले आणि त्यांनी बसायला स्टूल दिले. सून हळूच म्हणाली, “आबा, आता तुम्हीच बोला.”

खर्जाची परीक्षा

दुकानात स्पीकर ऐकताना दुकानदाराचे गाणे ऐकू नये, आपले ऐकावे. दुकानदार बहुधा धडधडणारे संगीत लावतो आणि जो स्पीकर विकायचा त्याचा आवाज किंचित मोठा ठेवतो. जरा मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. म्हणून दोन्ही जोड्या सारख्याच आवाजावर ऐकवायला सांगाव्यात.

शास्त्रीय गाणे ऐकणाऱ्याजवळ तर तानपुऱ्यासारखी दुसरी कसोटी नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ६९ कंपनांची. हाताएवढ्या स्पीकरला तिथवर पोहोचताच येत नाही. वरच्या स्वरांशांवरून कान खर्जाचा अंदाज बांधतो, पण त्यातला भरीवपणा हरवतो. पाच इंची शंकू असलेला चांगला बुकशेल्फ स्पीकर साधारण तिथपर्यंत उतरतो. घरगुती मैफलीला तेवढे पुरते.

आबांनी भीमसेनजींचे एक ओळखीचे ध्वनिमुद्रण लावायला सांगितले आणि डोळे मिटले. पहिल्या जोडीत खालचा आवाज घुमत होता, “हंड्यात बोलल्यासारखे वाटते,” असे ते म्हणाले. दुसऱ्या जोडीला ते काहीच बोलले नाहीत. तानपुरा, तबला, हार्मोनियम सुटेसुटे ऐकू येत होते. गाणे संपेपर्यंत कुणी बोलले नाही. मग आबांनी किमतीची गोष्ट काढली, अर्थात कन्नडमध्ये.

जोडणी आणि शेजारधर्म

घरी आल्यावर दोन चुका टाळाव्यात. अॅम्प्लिफायरच्या लाल खुणेची तार स्पीकरच्या लाल खुणेलाच गेली पाहिजे, काळी काळ्याला. एका बाजूला उलटे झाले तर खालचे स्वर एकमेकांना खोडतात आणि गायकाचा आवाज मधोमध न येता पसरट होतो. दुसरे, दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, वरचा लहान शंकू कानाच्या उंचीला यावा. स्पीकर कोपऱ्यात वा भिंतीला चिकटवून ठेवला की घुमतो. खाली रबराचे तुकडे ठेवले तर टेबलामार्फत जमिनीत उतरणारी कंपने कमी होतात.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण शेजाऱ्यांसाठी नियमापर्यंत जावे कशाला? सून स्वतः खाली गेली आणि बाळाच्या झोपेच्या वेळा विचारून आली. संध्याकाळी सहा ते साडेसात ही वेळ ठरली.

एक गोष्ट सुनेने न विसरता केली. वय वाढते तसे कानाला उंच स्वर कमी ऐकू येऊ लागतात, आणि ते कोणत्याही अॅम्प्लिफायरने परत येत नाहीत. टीव्ही सतत मोठा लागत असेल तर कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी करून घ्यावी. आबांची तपासणी झाली. थोडी उणीव निघाली, पण काळजीचे कारण नव्हते.

पहिल्या संध्याकाळी आवाजाचे बटण जेमतेम पाव फिरवले होते. तानपुरा सुरू झाला, आबांनी मान डोलावली आणि सुनेला म्हणाले, “दार उघडेच राहू दे गं. स्वयंपाकघरात तुलाही येईल ऐकू.” बेळगावचा विषय त्यांनी नंतर एकदाच काढला. दिवाळीत जाऊन कॅसेटचे कपाट इकडे आणायचे कसे, एवढेच त्यांना विचारायचे होते.