तीनशे मिलिसेकंद

हौशी रेडिओवरून संगणकाचा मजकूर पाठवणाऱ्या पॅकेटचा आवाज काही गोड नाही. पत्र्यावर खिळा ओढावा तसा अर्ध्या-पाऊण सेकंदाचा खरखराट. त्यात १२०० आणि २२०० हर्ट्झचे दोनच सूर, आणि त्यांच्या अदलाबदलीतून सेकंदाला १२०० बिट जातात. घरी याला ‘तुझा फॅक्स’ म्हणतात. मी वाद घालत नाही.

पूर्वी रिग, म्हणजे रेडिओ संच, आणि संगणक यांच्यामध्ये टीएनसी नावाचा डबा लागायचा. आता रास्पबेरी पाय आणि स्वस्तातलं यूएसबी साउंड कार्ड पुरतं. डब्याचं काम डायरवुल्फ हे मुक्त सॉफ्टवेअर करतं.

एकदा मित्राचा फोन आला. “अरे, तुझं ब्रर्रर्र कानाला ऐकू येतंय, पण स्क्रीन कोरीच!” पहिला संशय आवाजाच्या पातळीवर. नवशिके ती चढवून ठेवतात आणि सूर फाटतात. पण ती ठीक होती. केबल, अँटेना, तेही ठीक.

गुन्हेगार मीच होतो. पीटीटी, म्हणजे प्रक्षेपणाचा खटका, लागल्यापासून मजकूर सुटेपर्यंत किती थांबायचं, हे ‘टीएक्सडिले’ ठरवतो. डायरवुल्फमध्ये तो मुळात ३० असतो, म्हणजे ३०० मिलिसेकंद. वाहिनी सगळ्यांची एकच, ती उगाच कशाला अडवा, म्हणून मी तो ८ वर आणला होता. काटकसर! पण रिगला सूर लागायला वेळ लागतो, समोरच्याचा स्क्वेल्च, म्हणजे नुसती खरखर अडवणारं दार, तेही उघडावं लागतं. तोवर माझ्या संदेशाच्या फ्रेमचं डोकं उडालेलं. आणि एएक्स.२५ या पॅकेटच्या नियमावलीत कोणाला-कोणाकडून हा पत्ता नेमका डोक्यातच असतो. शेवटच्या १६ बिटांचा ताळा जुळला नाही की फ्रेम गुपचूप टाकून दिली जाते. टीएनसीचा डबा असता तर मी त्यालाच दोष देऊन मोकळा झालो असतो. इथे डायरवुल्फची सी भाषेतली फाइल उघडून ती टाकून देणारी ओळ स्वतः वाचली, आणि मग बोलायला जागाच उरली नाही.

टीएक्सडिले पुन्हा ३० केला. त्याच आठवड्यात संध्याकाळी गच्चीवर हातात यागी अँटेना धरून उभा राहिलो. १४५.८२५ मेगाहर्ट्झ. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जायला साधारण दहा मिनिटं घेतं. फ्रेम सोडली. दुसरी सोडली. तिसऱ्यानंतर स्क्रीनवर माझंच कॉलसाइन उमटलं आणि पुढे स्थानकाचं आरएस०आयएसएस, त्याला चिकटलेली एक चांदणी. चांदणीचा अर्थ, चारशे किलोमीटरवरून स्थानकाने माझी फ्रेम परत उच्चारली.

मी जिन्यातून ओरडलो, “आला!”

“कोण?”

“फॅक्स!”