‘कॉन्स्पिक्युअस’ आणि ‘दर्शनी’

इंग्रजींतील ‘कॉन्स्पिक्युअस’ ह्या विशेषणास मराठी प्रतिशब्द कोणता, असें कोणी विचारल्यास आम्ही उलट विचारूं, कीं जें दिसतें तें तुम्हांस आवडतें कीं नाहीं? आवडत असेल, तर तें नजरेंत भरतें. नसेल, तर डोळ्यांत खुपतें. इंग्रजी शब्द मात्र दोहों बाजूंस सारखाच चालतो. व्हेब्लेन ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १८९९ मध्यें, चारचौघांनीं पाहावा म्हणूनच केलेल्या खर्चास हेंच विशेषण लाविलें. आपण त्यास ‘भपका’ म्हणतों, आणि म्हणतांनाच नाक मुरडतों.

कायद्यास नाक मुरडून चालत नाहीं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणें, प्रतिवादी सांपडला नाहीं तर समन्साची प्रत त्याच्या घराच्या बाहेरील दारावर अथवा घराच्या अन्य ‘कॉन्स्पिक्युअस’ भागावर चिकटवावयाची असते. अशा ठिकाणीं आपल्याकडे ‘दर्शनी भागीं’ असें लिहिण्याचा प्रघात आहे. शब्द मोठ्या कुळांतला खरा. दाखवितांच जिचे पैसे मिळत, ती दर्शनी हुंडी. परंतु आतां ‘दर्शनी भाग’ म्हणजे पुढची बाजू, एवढेंच बहुतेकांच्या मनांत येतें. पुढची बाजू इमारतीची असते; दिसणें हें पाहणारावर अवलंबून.

चारकोपांत ह्याचा पडताळा आम्हांस आला. जागतिक बँकेच्या साहाय्यानें गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत वसलेली ही वसाहत. लहान लहान भूखंड, आणि मध्यें सामाईक अंगण. तेथील एका गृहनिर्माण संस्थेनें पुनर्विकासाच्या सभेची सूचना घरोघर न पाठवितां रस्त्याकडील मोठ्या फाटकावर लाविली. मंडळी मागच्या फाटकानें ये-जा करीत, कारण बस त्या बाजूस. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंस ठराव झाल्यावर आठ दिवसांनीं कळलें, कीं आपल्या घराचें काय व्हावें हें ठरून गेलें आहे. सूचना दर्शनी भागीं होती, असें चिटणीस सांगत. आणि शब्दशः तें खोटें नव्हतें!

आमच्या मतें अशा जागीं ‘ज्यांस कळवावयाचें त्यांच्या सहज दृष्टीस पडेल असें’ लिहावें. लांबण लागते खरी. पण मग चिटणिसास फाटक निवडण्यापूर्वीं माणसें कोणत्या वाटेनें जातात तें पाहावें लागेल. बाईंनीं शब्दाचा वाद घातला नाहीं. सभा पुन्हा बोलवा, असा अर्ज मात्र त्यांनीं दिला, आणि त्याची एक प्रत मागच्या फाटकावर चिकटविली. दुसऱ्या दिवशीं त्याखालीं अकरा सह्या होत्या.