उत्तर नाही

सन २००० मध्ये मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय मानसशास्त्र. आमच्या मॅडमचं बालविकासावर संशोधन चालू होतं आणि मदतीला दोन मुली हव्या होत्या. एक मैत्रीण आणि मी तयार झालो. मानधन नव्हतं, रिक्षाचं भाडं मिळायचं. प्रयोगशाळा म्हणजे शाहूपुरीतल्या एका शाळेची मागची खोली. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेली ही व्यापारपेठ. माझे अब्बा तिथंच गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते.

प्रयोग जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचा. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी. मुलानं "सारखं" म्हटलं की एकातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतायचं आणि विचारायचं, "आता कशात जास्त पाणी आहे, की दोन्हींत सारखंच?" लहान मुलं बहुधा उंच पेल्याकडं बोट दाखवतात. सहा-सात वर्षांच्या आसपास त्यांना कळू लागतं की भांडं बदललं, पाणी नाही. मॅडमची ताकीद होती : प्रश्न छापील शब्दांतच विचारा, मान हलवू नका, मदत करू नका. नाहीतर एका मुलाचं उत्तर दुसऱ्याशी तोलता येत नाही.

एक दिवस साडेसहा वर्षांचा एक मुलगा आला. मी पाणी ओतलं, प्रश्न विचारला. तो माझ्याकडं बघत राहिला. पुन्हा विचारलं. त्यानं मान खाली घातली. मी रकान्यात लिहिलं : 'उत्तर नाही'.

त्याला न्यायला थोरली बहीण आली होती. दारातून म्हणाली, "आपा, इसकू मराठी थोडीच आती." मग त्यालाच विचारलं, "किसमें जास्ती पानी है रे?" तो लगेच म्हणाला, "उतनाइच है. गिलास उंचा है."

ही दखनी माझ्या घरातली. त्या 'उतनाइच'मधला 'च' तर मराठीनंच आम्हाला दिलेला. त्याची भाषा मला त्याच्या नावावरूनच कळली होती. पण मैत्रीण शेजारी बसली होती, आणि कॉलेजात मी कधी दखनीचा एक शब्दही तोंडातून काढला नव्हता. लोक हसतील ही भीती. नियमामुळं गप्प बसले, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण लाज होतं.

रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तुला येत होती ना ती भाषा? मग पहिल्याच दिवशी सांगायचं होतंस." पुढच्या मुलांसाठी प्रश्न दखनीतही लिहिला, तो मीच लिहिला. पण त्या मुलानं उत्तर बहिणीला देऊन टाकलं होतं, त्याला पुन्हा तपासता येईना. त्याचा कागद मोजणीतून काढला.

पुढं बी.एड.च्या अभ्यासात वाचलं की पियाजे तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या चाचण्या घेत होता. बिने यांनी सिमाँच्या मदतीनं १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली चाचणी केली. बिनेंच्या पश्चात सिमाँनीच पियाजेला काम दिलं. त्याचं लक्ष बरोबर उत्तरांपेक्षा चुकलेल्या उत्तरांकडं गेलं : मूल असं का म्हणतं? आपल्याकडं व्ही. व्ही. कामत यांनी १९३०च्या दशकात धारवाडला बिनेची चाचणी मराठी आणि कन्नडमध्ये आणली. नुसतं भाषांतर पुरत नाही, इथल्या मुलांवर ती पुन्हा पारखून घ्यावी लागते, हे त्यांनी ओळखलं होतं.

आज मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. वर्गात एखादं मूल गप्प बसलं की प्रगतिपुस्तकात 'प्रतिसाद नाही' लिहिणं सोपं असतं. पेन हातात घेतलं की तो मुलगा आठवतो. मग मी पेन ठेवते आणि तोच प्रश्न त्याच्या घरच्या बोलीत विचारते. कधी उत्तर येतं, कधी नाही येत. पण न येणारं उत्तर मुलाचं की माझ्या प्रश्नाचं, एवढं तरी कळतं.