आयटम मोट

इंग्रजीत लिहायला भलतीच अक्षरं असली, तरी केंटमधल्या या जुन्या गढीचा उच्चार चक्क ‘आयटम मोट’ असा आहे! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसूच आलं. ‘मोट’ म्हटल्यावर डोळ्यासमोर आली आपली विहिरीवरची मोट. पाणी इथेही आहेच म्हणा. चहूबाजूंनी खंदक, पाण्यातून सरळ वर आलेल्या भिंती, मधे फरसबंद चौक आणि सत्तरएक खोल्या. खंदक असला तरी हे मुळात राहतं घर, सुमारे १३३० सालचं.

१५२१ मध्ये ते आठव्या हेन्रीच्या दरबारातल्या रिचर्ड क्लेमंटने घेतलं. प्रार्थनाघराच्या रंगवलेल्या लाकडी छतावर राजाचा गुलाब आहे, तसंच राणी कॅथरीनचं डाळिंबही. पुढे राजाने राणी बदलली, डाळिंब मात्र तसंच राहिलं. चौकात सेंट बर्नार्ड कुत्र्यासाठी बांधलेलं लाकडी घर आहे. त्यालाही पहिल्या श्रेणीच्या वारसावास्तूचा दर्जा आहे!

पण मला धरून ठेवलं ते अलीकडच्या इतिहासाने. १८८९ पासूनचे मालक कोलियर-फर्ग्युसन १९५१ मध्ये वारले. वारसाला खर्च झेपेना. घर विकायला निघालं, पाडायच्या गोष्टी सुरू झाल्या. तेव्हा आसपासच्या तीन व्यावसायिकांनी पदरमोड करून ते विकत घेतलं, का तर योग्य माणूस मिळेपर्यंत उभं राहावं म्हणून. १९५३ मध्ये तो माणूस मिळाला, चार्ल्स हेन्री रॉबिन्सन नावाचा अमेरिकन. त्याच्या मृत्यूनंतर, १९८५ साली, घर नॅशनल ट्रस्टकडे गेलं. मग १९८९ ते २००४ दुरुस्ती चालली. घराचे भाग उतरवायचे, नोंदी करायच्या, पुन्हा उभे करायचे. एक कोटी पौंडांहून जास्त खर्च झाला.

यातल्या कोणाचंही त्या घराशी रक्ताचं नातं नव्हतं, बरं का.

आमच्या गावच्या वाड्याला अकरा वारस होते. गळक्या कौलाखाली बादली कोणी ठेवायची, यावरही एकमत झालं नाही. शेवटी वाडा पाडला. आता आमच्याकडे कोटी पौंड नव्हते हे खरं, पण सुरुवातीला चार कौलंच तर बदलायची होती...

असो. देवघराची सागवानी चौकट अजून काकांच्या पडवीत भिंतीला टेकून उभी आहे. भाऊबंदांनो, वाचताय ना? वाळवी पोचायच्या आत एकदा जमूया.